बिघडवलेली टाटामोबाईल मूळ रूपात आणताना: पार्ट नावाने नको, मापाने शोधा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही एकेक करून पाहिले. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तासगावच्या या द्राक्षबागायतदारांच्या वडिलांनी १९९३ मध्ये टाटामोबाईल २०६ पिकअप घेतली होती. अकरा वर्षं तिच्यातून पेट्या वाहिल्या आणि नंतर विकली. गेल्या वर्षी तीच गाडी मिरजेजवळ दिसली आणि यांनी ती परत विकत घेतली. मधल्या मालकांनी तिचा मूळ हौदा कापून चौकोनी पाइपचा सांगाडा ठोकलाय, मागे जादा पाटे (लीफ स्प्रिंग) घालून गाडी उचललीय, रुंद टायर चढवलेत, मूळ इंजिन काढून २०७ डीआयचं इंजिन बसवलंय, पुढची जाळी फोडून एलईडीच्या पट्ट्या लावल्यात आणि वर मॅट काळा रंग मारलाय. गावचा मिस्त्री म्हणतो, पार्ट मिळणार नाहीत, बोलेरोचं सगळं बसवून टाका. यांचं म्हणणं, गाडी वडिलांच्या वेळी होती तशी व्हायला हवी. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल. तुमच्या तिसऱ्या फोटोत चॅसीच्या पुढच्या आडव्या मेंबरची (दोन लांब गर्डर जोडणाऱ्या आडव्या तुळईची) जी दशा दिसते ती बघून पोटात कालवलं, तरी जमेल. मी १९९१ पासून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हेच काम करतोय. या जातीच्या पाच गाड्या माझ्या हातून उभ्या राहिल्या आहेत, त्यातल्या दोन तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेत आल्या होत्या. पण वेळ लागेल. दीड वर्ष धरून चाला आणि घरच्यांनाही तेवढंच सांगा.

कामाला हात घालण्याआधी ही गाडी कुठल्या कुळातली आहे ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी शोधाशोध त्यावर चालते. टाटामोबाईल १९८८ मध्ये पुण्याच्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, कारखान्यातून बाहेर पडली. तोपर्यंत टेल्को म्हणजे ट्रकवाली कंपनी, ४०७ येऊन दोनच वर्षं झाली होती. मोटारीसारखी चालणारी आणि मागे माल वाहणारी ही त्यांची पहिली हलकी गाडी. हिच्याच पायावर पुढे १९९१ ला सिएरा आली, १९९२ ला इस्टेट, आणि १९९४ ला सुमो. सुरुवातीच्या सुमोत तुमच्या गाडीचंच १९४८ सीसीचं डिझेल इंजिन आणि त्याच घरातला पाच गिअरचा बॉक्स होता. ही पिकअप परदेशातही गेली, युरोपात ती टेल्कोलाइन या नावाने विकली जायची. म्हणजे तुमची गाडी दुर्मिळ असली तरी ती एकटी नाही. तिची भावंडं हजारोंनी रस्त्यावर होती आणि त्यांतली बरीच आज भंगाराच्या आवारात उभी आहेत.

सुरुवात कागदापासून करा. आरसी बुक घ्या, चॅसीवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करून त्याच्याशी ताडून पाहा, मग इंजिनाचा नंबर पाहा. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर असेल असं मला वाटत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांबद्दल हेच ठणकावून सांगितलं. तुम्ही गाडी मूळ रूपाकडे नेताय, त्यामुळे कायदा तुमच्या बाजूने आहे. तरी नवीन बसवाल त्या इंजिनाचा नंबर वेगळाच असणार. म्हणून इंजिन घेताना पक्की पावती, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि नंबर घासलेला नसल्याची खात्री, या तीन गोष्टींशिवाय एक रुपयाही देऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन नकळत विकत घेतलेले लोक मी पोलीस ठाण्यात बसलेले पाहिले आहेत. आरटीओत आधी जाऊन भेटा, अर्ज द्या, मग इंजिन उचला. गाडी मालवाहतूक म्हणून नोंदलेली असेल तर या वयात दरवर्षी फिटनेस आहेच. कुणी तुम्हाला व्हिंटेज नोंदणीचा सोपा रस्ता सांगेल, पण ती सोय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आहे. तुमच्या गाडीला अजून बराच अवकाश आहे.

आता गाडी उघडायची. इथे घाई करू नका. प्रत्येक नट सोडवण्याआधी फोटो, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. आणि कितीही मोडकी, गंजकी, वाकडी वस्तू असो, ती फेकायची नाही. २००९ मध्ये अशाच एका गाडीच्या फाळक्याची (हौद्याच्या मागच्या झडपेची) एक बिजागरी माझ्या हाताखालच्या पोराने भंगाराच्या टोपलीत टाकली. मी बघितलं होतं, आणि ती वाकलेली होती म्हणून मीही काही बोललो नाही. दुसरी बिजागरी मुळात नव्हतीच. त्या एका बिजागरीचं माप मिळवायला मला चार महिने लागले. शेवटी जत तालुक्यात एका वस्तीवर लिंबाखाली तशीच गाडी उभी असल्याचं कळलं. मालकांनी तिच्या हौद्यात कडबा भरून ठेवला होता. त्या माउलीने चहा दिला, तिच्या मुलाने कडबा बाजूला केला, आणि मी तीन तास बसून हौद्याचं, फाळक्याचं, साखळीच्या हुकाचं माप वहीत उतरवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, तिचं काम पुढे येईल. सांगायचा मुद्दा असा की वाकडी वस्तूसुद्धा नमुना असते. लेथवाल्याला आणि पत्रेवाल्याला नमुना लागतो, तुमचं वर्णन त्यांच्या उपयोगाचं नसतं.

केबिन आणि तो पाइपचा सांगाडा उतरवला की नुसती चॅसी चार स्टँडवर लेव्हलमध्ये ठेवा. तिला काही जोडण्याआधी ती सरळ आहे का ते बघायचंय, आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. ओळंबा लागतो. डाव्या-उजव्या अंगाला समोरासमोर कंपनीची जी भोकं आहेत त्यांतून ओळंबा सोडा, खाली फरशीवर खडूने खूण करा. अशा आठ-दहा खुणा झाल्या की चॅसी ढकलून बाजूला घ्या आणि फरशीवरचे कर्ण मोजा. दोन कर्णांत पाच-सहा मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर निभावेल. त्यापेक्षा जास्त असेल तर अपघाताने किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने चॅसी ओढली गेली आहे, आणि ती ट्रकच्या चॅसी सरळ करणाऱ्याकडे न्यावी लागेल. हे माप न घेता वरची केबिन रंगवून बसवलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. दरवाजा एका बाजूला चिकटतो, गाडी डावीकडे ओढते, आणि मालक बिचारा टायर बदलत बसतो.

तुमच्या गाडीतला सगळ्यात गंभीर बिघाड म्हणजे तो पुढचा आडवा मेंबर. मोठ्या इंजिनाचा ऑइल पॅन मावेना म्हणून कुणीतरी तो गॅसने खालून अर्धचंद्रासारखा कापलाय आणि बाजूला अँगलचे तुकडे ठिगळासारखे लावलेत. या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी) आणि विशबोनचं (चाकाला धरणारे त्रिकोणी हात). चाकाला बसणारा प्रत्येक धक्का विशबोनमधून याच भागात उतरतो. तो कापला म्हणजे चॅसीचे दोन लांब गर्डर ब्रेक मारताना एकमेकांकडे झुकायला मोकळे होतात. तुम्ही लिहिलंय की अलाइनमेंट केलं तरी आठवड्यात बिघडतं. त्याचं कारण हेच आहे. अशा अवस्थेत गाडी रस्त्यावर चालवू नका. गॅरेजपर्यंत न्यायची असली तरी टेम्पोवर चढवून न्या.

हा भाग ठिगळ लावून दुरुस्त होत नाही. भंगारातल्या सिएराच्या किंवा इस्टेटच्या पुढच्या भागावर मीटर टेप घेऊन जा, विशबोनच्या पिनांमधली अंतरं मोजा, तुमच्या न कापलेल्या भागाशी ताडून बघा, आणि जुळलं तर तो अख्खा मेंबर दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडून कापून आणा. गॅसने कापू देऊ नका, ग्राइंडरने कापून घ्या, वेळ लागला तरी. गॅसने कापलेल्या कडेजवळचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, तिथूनच पुढे चीर जाते. तुमच्या चॅसीवर पाइपच्या सांगाड्यासाठी गॅसने पाडलेली भोकंही दिसतात. त्यांच्या वेड्यावाकड्या कडा ड्रिलने मोठ्या गोल करून घ्या, मग आतून पट्टी लावा. पट्टीची टोकं चौकोनी ठेवायची नाहीत, निमुळती करायची. आणि गर्डरच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग कधीच मारायचं नाही. ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो. वेल्डिंग उभ्या भिंतीवर, लांबीच्या दिशेने. रॉड ७०१८ चा आणि तोही भट्टीत वाळवलेला. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ओलसर रॉड वापरणारा वेल्डर कितीही नावाजलेला असो, त्याला या कामाला हात लावू देऊ नका.

इंजिनाबद्दल तुम्ही विचारलंय की आहे ते तीन लिटरचं ठेवलं तर काय बिघडेल, ताकद तर जास्त आहे. २०७ डीआयचं ते इंजिन मजबूत आहे, त्याच्या जागी मीही ते मानतो. पण ते वजनाने जड, त्याचे हादरे वेगळे, आणि तुमच्या गाडीचा पुढचा टॉर्शन बार, ब्रेक, इंजिनाचे पाय हे सगळं साठ-पासष्ट हॉर्सपॉवरच्या दोन लिटरच्या इंजिनासाठी घडवलेलं आहे. ते इंजिन ठेवायचं तर कापलेला मेंबर तसाच कापलेला ठेवावा लागेल. मग बाकीच्या कामाला अर्थ उरत नाही.

म्हणून १९४८ सीसीचं इंजिन शोधा. नव्वदच्या दशकातली सुमो हा तुमचा मुख्य झरा. इंजिन चालू असलेल्या गाडीतूनच घ्या, गोणपाटात गुंडाळलेलं घेऊ नका. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडा, कुणाला तरी इंजिन चालू करायला सांगा, आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते बघा. बुडबुडे थांबत नसतील, किंवा झाकण परत लावल्यावर पाइप लगेच दगडासारखा ताठ झाला, तर हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडलाच चीर आहे. हे इंजिन एकदा जरी पाण्याशिवाय तापवलं असेल तरी हेडचा भरवसा नाही. म्हणून बाकी काही करा न करा, हेड काढून प्रेशर टेस्ट करून घ्याच. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गरम इंजिनावर मोजा. आकडा किती यापेक्षा चार आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. एकच सिलिंडर फार खाली असेल तर आत काहीतरी तुटलंय किंवा व्हॉल्व्ह बसत नाही. चारही सारखेच थोडे कमी असतील तर रिंगा झिजल्या आहेत, आणि बोअर करून ते निघतं.

डिझेल पंप बराच काळ उभा असेल तर आतलं डिझेल चिकट होऊन बसतं. तो घरी उघडू नका. कॅलिब्रेशनचं बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच न्या, सोबत चारही नोझल द्या. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही म्हणून लोक पंपाला दोष देतात, आणि बऱ्याचदा दोष ग्लो प्लगचा, म्हणजे थंड इंजिन चालू व्हायला आतून तापवणाऱ्या प्लगचा, असतो. प्लगांची पट्टी सोडवा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि दुसरं प्रत्येक प्लगच्या डोक्याला. दिवा लागला तर प्लग जिवंत आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

आता पार्टच्या शोधाकडे येतो. तुमच्या मिस्त्रींचं खरं अडलेलं घोडं इथेच आहे.

तुम्ही दुकानात जाऊन 'टाटामोबाईलचं पुढच्या चाकाचं बेअरिंग द्या' म्हटलंत की दुकानदार मान हलवणार. त्याच्या कॉम्प्युटरवर ते नाव नाही. पण बेअरिंग टाटाने बनवलेलं नव्हतं. ते बेअरिंगच्या कंपनीने बनवलं, आणि त्याचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. रॉकेलने पुसा, भिंग लावून वाचा. तोच नंबर आज दुसऱ्या कुठल्यातरी गाडीत, पंपात, ट्रॅक्टरच्या अवजारात चालू आहे, आणि नवाकोरा मिळतो. ऑइल सीलचंही तसंच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे म्हणजे त्याचं पूर्ण नाव. ४५-६२-१० असं म्हणालात की सीलवाला कुठली गाडी विचारणारच नाही. सीलवरचा आकडा पुसला गेला असेल तर व्हर्निअरने शाफ्ट आणि खोबण मोजा. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला कपाचा व्यास आणि टोकापासून टोकापर्यंतची लांबी. क्लच प्लेटला बाहेरचा व्यास आणि मधल्या दात्यांची संख्या. ब्रेक सिलिंडरला बोअरचं माप, ते बऱ्याचदा अंगावर ओतलेलंच असतं. त्या मापाचं रबर किट दुसऱ्या गाडीच्या नावाखाली मिळतं. सिलिंडर आतून खड्डे पडून गेला असेल तर लेथवर पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (आतली नळी) घालून मूळ मापाला आणता येतो. मी अशा स्लीव्ह घातलेले सिलिंडर बारा-तेरा वर्षं चालताना पाहिले आहेत. रबर बसवताना मात्र ब्रेक ऑइलच लावा. ग्रीस किंवा डिझेलच्या हाताने लावलेलं रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतो.

एक जाड वही करा. डाव्या पानावर पार्टचं नाव आणि हाताने काढलेलं चित्र, उजव्या पानावर सगळी मापं आणि कोरलेले नंबर. पार्ट कॅटलॉगची जुनी छापील प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्यातल्या पार्ट नंबरवरून एखादी वस्तू सुमोतही होती का, हे घरबसल्या कळतं. ही वही घेऊन आधी तालुक्याच्या गावातली जुनी दुकानं पालथी घाला. कऱ्हाड, विटा, सांगोला, बार्शी अशा ठिकाणी वडिलांच्या काळातला माल अजून माळ्यावर पडून असतो आणि आता दुकान बघणाऱ्या मुलाला तो काय आहे हे माहीत नसतं. त्याला शिडी धरायला मदत करा. माझे निम्मे नवे पार्ट असे माळ्यावरून खाली आले आहेत, तेही कंपनीच्या पिशवीत. मग मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. पुण्याच्या जुन्या बाजारात गाडीचा मोठा पार्ट क्वचितच हाती लागतो, पण घड्याळं, स्विच, हत्यारं, बिल्ले यांसाठी एखादी चक्कर टाकायला हरकत नाही.

दरवाजे, काचेचं मशीन, कडी-कुलपं, बॉनेट, मडगार्ड यासाठी सिएराकडे बघा. एकाच कुळातला बराच पत्रा आहे, पण 'सेम टू सेम बसतंय' हे विक्रेत्याचं वाक्य मोजल्याशिवाय मानू नका. बिजागरीच्या भोकांची अंतरं वहीत असली की तिथल्या तिथे कळतं. पुढची काच मात्र आजच शोधायला लागा, रंगाआधी, पत्र्याआधी. वाकवलेली लॅमिनेटेड काच गल्लीत बनत नाही. मिळाली तर आडवी झोपवून आणू नका, गाद्या लावून उभी आणा. काचेचं रबर आणि दाराचं बीडिंग यांची काळजी करू नका. जुन्या रबराचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याचा आडवा छेद बस-ट्रकच्या बॉडी बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात दाखवा. तिथे मीटरवर शेकडो आकार मिळतात आणि एखादा तंतोतंत जुळतो.

पुढच्या जाळीचे तुम्ही जपून ठेवलेले तुकडे मी फोटोत पाहिले, फार चांगलं केलंत. प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडून आधी ते जोडून घ्या, घासून साफ करा, आणि मग त्यावरून फायबरचा साचा काढा. जोडलेली मूळ जाळी कपाटात ठेवा, गाडीवर साच्यातली लावा. हेडलाइटला मात्र असले साचे चालत नाहीत. तिथे खरी काच आणि खरा रिफ्लेक्टरच हवा, फिटनेसला प्रकाशाचा झोत तपासतात.

मागचे जादा पाटे काढायचे आणि मूळ पाट्यांची कमान पाटेवाल्याकडून तपासून घ्यायची. कोकणातल्या आणि घाटातल्या गाड्यांचं काम करणारा जुना पाटेवाला शोधा. यू-बोल्ट नवेच घाला, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. पुढचे टॉर्शन बार डावे-उजवे वेगळे असतात, टोकाला खूण असते. काढताना अदलाबदल झाली तर ते उलट्या दिशेने पिळले जातात आणि कधीतरी तुटतात. त्यांच्या अंगावर ग्राइंडर, छिन्नी, पाइप पाना काहीही लागू देऊ नका, साधा ओरखडासुद्धा चीर सुरू करायला पुरतो. टायर आणि चाकाच्या डिस्क मूळ मापावर आणा. रुंद टायरने स्टिअरिंगचे जोड आणि चाकाची बेअरिंगं किती खाल्ली असतील ते उघडल्यावर दिसेलच.

वायरिंग दुरुस्त करत बसू नका. एलईडीच्या पट्ट्यांसाठी मधेच सोलून टेप गुंडाळलेल्या वायरी आहेत त्या, त्यातली एक जरी राहिली तरी शेतात उभ्या गाडीला आग लागू शकते. पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा जुडगा, नवा बांधून घ्या, मूळ हार्नेस टेबलावर पसरून त्याच्याच लांबीचा आणि रंगांचा. हेडलाइटला रिले घाला. कंपनीने दिला नसला तरी या एका सुधारणेला माझी हरकत नाही, कारण त्याने स्विच वाचतो आणि बाहेरून काही दिसत नाही. ग्लो प्लग चार मिळून चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढतात, तिथे वायरीची जाडी कमी करू नका. इंजिन, चॅसी आणि केबिन या तिघांत अर्थिंगची जाड पट्टी घाला. रंगवलेल्या चॅसीवर अर्थिंग नीट न बसल्याने उगाच वेड लागलेल्या किती गाड्या पाहिल्या.

राहिला हौदा. माझ्या मते पिकअपचा जीव हौद्यात असतो, आणि तुमच्याकडे तोच नाही. सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथे जाईल, त्यामुळे इथे हात आखडू नका. चेकर्ड प्लेटचा चौकोनी डबा बनवून द्यायला कुणीही तयार होईल. तो घेऊ नका. मूळ हौद्याच्या तळाला उभ्या नागमोडी घड्या आहेत. त्या घड्यांमुळे पातळ पत्रा वजन पेलतो आणि पेटी ओढताना सरकते. उद्यमनगरात प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) त्या घड्या पाडून देणारे लोक आहेत, फक्त घडीची खोली, रुंदी आणि दोन घड्यांमधलं अंतर त्यांना मिलिमीटरमध्ये हवं. बाजूच्या भिंतींची वरची कड गुंडाळलेली आहे, ती लाकडी ठोकळ्यावर हाताने वळवावी लागते. हे काम जुन्या पत्रेवाल्याचं आहे. कोल्हापुरात असा हात असलेले आता मोजकेच उरलेत आणि त्यांच्याकडे रांग असते, म्हणून आत्ताच शब्द टाकून ठेवा. जोड मूळच्यासारखे स्पॉट वेल्डिंगचे घ्या, दोन पत्र्यांच्या मध्ये आधी झिंकचा प्रायमर मारून. कोपऱ्यात पाणी निघायची भोकं विसरू नका. द्राक्षं धुतलेलं पाणी आणि औषधाचे शिंतोडे यांनीच मूळ हौदा आधी कुजवला असणार.

रंगाचं थोडक्यात सांगतो. मॅट काळा रंग आणि त्याखालची लांबी (पुटी) पार पत्र्यापर्यंत उतरवा, पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. जून ते सप्टेंबर रंगाचं काम काढू नका. आमच्याकडे पावसात पत्र्यावर न दिसणारा ओलावा बसतो आणि वर्षभरात फोड येतात. मूळ रंग कुठला होता याची खात्री हवी असेल तर डॅशबोर्ड काढल्यावर मागच्या पत्र्यावर बघा, तिथे सहसा कुणी फवारा नेत नाही. पोकळ भागांत रंगानंतर वॅक्स सोडा.

कामाचा क्रम चुकवू नका. आधी चॅसी, मग सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन-गिअरबॉक्स. केबिन नुसती ठेवून, हौद्याशिवाय, आवारातल्या आवारात गाडी चालवून बघा. ब्रेक सरळ लागतो का, गाडी ओढते का, पाणी तापतं का हे त्याच वेळी कळू द्या. सगळं सोडवून पुन्हा एकदा दुरुस्त करायला तेव्हा वाईट वाटत नाही, चकचकीत रंगानंतर वाटतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी फोटोत एक गोष्ट दिसली. केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या डोक्यावर पत्र्यावर पेन्सिलने काही आकडे लिहिलेले आहेत, पेट्यांचा हिशेब असावा. वडिलांचं अक्षर असेल तर रंगवाल्याला तेवढा भाग कागद लावून झाकायला सांगा. रंग उतरवायला सुरुवात करायच्या आधी सांगा, नंतर उपयोग नाही.

आता तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. चॅसीवर हौदा बसवायची जी मूळ भोकं आहेत, गॅसने पाडलेली नव्हे, कंपनीची गोल, त्यांची पुढून मागेपर्यंतची आणि डावी-उजवी अंतरं मोजा आणि कळवा. दोनदा मोजा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाकडून. ती जतच्या गाडीच्या मापांशी जुळली तर वहीतली सगळी पानं तुम्हाला पाठवतो, फाळक्याच्या त्या बिजागरीसकट. तिचा लाकडी नमुनाही माझ्याकडे आहे. उद्यमनगरातल्या ओतकामवाल्याकडे तो द्यायचा की लोखंडाच्या पट्टीतून घडवून घ्यायची, ते तुम्ही इकडे आलात की नमुना हातात घेऊन ठरवू.